घरटी एक गडी

बयाबाईला माणसांची किळस आली ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी तिला कशाचीच किळस नव्हती. म्हशीची अडलेली वार तिनं कोपरापर्यंत हात घालून काढली होती, नवऱ्याच्या चिघळलेल्या जखमेतले किडे वेचले होते, आणि पायाला लागलेली जळू तर ती बोलता बोलता उपटून टाकायची. देवळापुढच्या चौथऱ्यावर, सहाणेवर, बसलेले बारा पुरुष, आंघोळ केलेले, कपाळाला गंध लावलेले, यांचीच काय ती तिला किळस आली.

उमरठच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून एक कोंड होता, चौदा घरांचा. एसटी तेव्हा पोलादपूरपर्यंतच यायची आणि पुढं पाय होते. कोंडाच्या वर प्रत्येकाची भाताची दोन-चार खाचरं आपापली, पण त्यांच्यावरचा उताराचा माळ सगळ्या गावकीचा. ह्या माळावर नाचणी-वरी पिकायची. शिमगा झाला की गावकी देवळापुढच्या दगडी सहाणेवर बसायची आणि माळाचे तुकडे घराघराला वाटून द्यायची. वाटणीला नियम एकच, आणि तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता इतका तो पक्का होता: घरटी एक गडी. भादव्यात कणसं भरायला लागली की वानरांच्या टोळ्या उतरायच्या. तेव्हापासून कापणीपर्यंत दिवसभर मचाणावर, म्हणजे माळ्यावर, बसून माळाची आणि खाचरांची राखण करायची, आणि प्रत्येक घरानं पाळीनं आपला एक गडी द्यायचा. ज्या घरानं गडी दिला ते घर गावकीत मोजलं जायचं. त्याला तुकडा मिळायचा, त्याच्या माणसाला सहाणेवर बसायला जागा मिळायची.

बयाबाईच्या घरचा गडी होता तिचा नवरा हैबती. तो जमीन भाजायच्या राबासाठी ऐनाच्या टहाळ्या तोडताना झाडावरून पडला आणि सव्वा महिना अंथरुणात कुजून मेला. मुलगी एक, मैना, ती शिवथरच्या खोऱ्यात दिलेली. घरात उरली बया, एक म्हैस आणि चार कोंबड्या. पहिल्या भादव्यात राखणीची पाळी आली तेव्हा ती कोणाला विचारायला गेली नाही. हैबतीची गोफण खुंटीवरून काढली, पदर खोचला आणि माळ्यावर जाऊन बसली. तिचा नेम नवऱ्यापेक्षा चांगला होता, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करायची. तीन वर्षं तिच्या पाळीत एक कणीस गेलं नाही.

तरी तिला तुकडा द्यायचा म्हटलं की गावकीचा पुढारी कुशाबा दर वर्षी एकच वाक्य बोलायचा. बिचारी विधवा आहे, दया म्हणून देऊ. कुशाबा हैबतीचा चुलत भाऊ, स्वभावानं मऊ, बोलायला गोड. बयाला ती दया कानात किडा गेल्यासारखी व्हायची, पण तुकडा लागत होता. त्याच्या नाचणीवर तिची आठ महिन्यांची भाकरी होती. खाचरातलं भात होळीपर्यंतसुद्धा पुरत नव्हतं. म्हणून ती मान खाली घालून तुकडा घ्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

चौथ्या वर्षी कोंडातलाच महिपती मुंबईहून कायमचा परत आला. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये त्यानं पंधरा वर्षं काढली होती, डाव्या हाताची दोन बोटं तिथं ठेवून आला होता, आणि हाताशी कला होती हे खरंच. खोटं कशाला बोला. त्यानं महाडच्या इनायत भंगारवाल्याकडून रॉकेलचे डबे, सायकलची चाकं, मोटारीचा एक दांडा असलं काय काय डोक्यावर वाहून आणलं आणि श्रावणभर माळाच्या कडेला पाटाजवळ ठोकाठोक केली. पाटाचं पाणी चाकावर पडायचं, चाक फिरलं की दांडा फिरायचा. दांड्याला जोडलेला लाकडी माणूस होता, त्याला धोतर, मुंडासं, अंगात जुनी बंडी. तो दोन्ही हात वर करायचा आणि खाली आणायचा, हातातला दांडका डब्यावर आपटायचा, आणि पोटातला लोहाराचा भाता दाबला गेला की बांबूच्या नळीतून अगदी राखण्यासारखा ‘होऽऽ’ निघायचा. चाकाच्या दात्यांचं अंतर महिपतीनं मुद्दाम सारखं ठेवलं नव्हतं. त्यामुळे तो दोनदा ओरडून थांबायचा, जणू तंबाखू मळतोय, आणि परत ओरडायचा. भात्याचं चामडं एका ठिकाणी सैल होतं. तिथून खोकल्यासारखा आवाज यायचा, आणि लोकांना सगळ्यात जास्त तोच आवडला. बायकापोरं बघायला लोटली. दमलाय बिचारा, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते कोंडभर झालं.

पाळ्या ठरवायला गावकी बसली तेव्हा महिपतीनं गोडीगुलाबीनं विषय काढला. माझ्या घरची पाळी मी करीनच, म्हणाला, पण बयाकाकीनं आता या वयात उन्हात कशाला बसायचं? तिची पाळी माझा गडी करील. काकीला विसावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. बया खाली, सहाणेच्या पायरीशी उभी होती, कारण वर बसायची तिला मुभा नव्हती. तिला त्या विसाव्याचा अर्थ लगेच कळला. पाळी गेली म्हणजे तुकडा गेला. ज्यानं पाळी केली तो तुकडा घेणार, आणि महिपतीच्या हातात एकाचे दोन तुकडे पडणार.

ती म्हणाली की यंत्र हा गडी नव्हे, त्याला मोजायचं कसं? महिपती हसला आणि म्हणाला, गडी काय करतो? हात हलवतो, डबा वाजवतो, ओरडतो. हा तेच करतो. मग गडी नव्हे कसा? यावर सहाणेवरच्या लोकांनी एकमेकांकडे असं बघितलं की जसं काही फार खोल बोलणं झालं. कुशाबानं दाढी खाजवून तोडगा काढला. उद्या सकाळी सगळ्यांनी माळाकडं पाठ करून सहाणेवर बसायचं. वर एकदा महिपती ओरडेल, एकदा यंत्र ओरडेल. कोणता कोण हे ओळखलं तर तो डबा. ओळखलं नाही तर तो गडी.

बयानं सांगितलं की मग मीपण ओरडते, माझंही ऐका. याला कोणी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारा जण डोंगराकडं पाठ करून ओळीनं बसले. काही जणांनी डोळेसुद्धा मिटले. वरून एक हाक आली, थोड्या वेळानं दुसरी. पहिली यंत्राची म्हणणारे सात, दुसरी म्हणणारे पाच. खरी गोष्ट अशी की पहिली महिपतीची होती, म्हणजे सात जणांनी जिवंत माणसाला डबा ठरवलं होतं. त्याची कोणाला लाज वाटली नाही. उलट मांड्यांवर थापा मारून हसले. मग तिसरी हाक आली, आणि बाराच्या बारा जण एका तोंडानं म्हणाले, ही बया.

म्हणजे बया ओळखू आली म्हणून नापास झाली, आणि डबा ओळखू आला नाही म्हणून पास. ती धापा टाकत खाली आली तेव्हा कुशाबा देवीपुढं नारळ फोडत होता. नारळ फुटला की गावकीचा निर्णय फिरत नाही.

“भावोजी,” ती म्हणाली, “माझ्या हाकेनं वानरं पळतात का नाय, तेवढं सांगा. राखण वानरांपासून हाय, तुमच्यापासून नाय.”

“वानराला काय कळतंय गो बया,” कुशाबा मायेनं म्हणाला आणि तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

त्या खोबऱ्याची चव तिला आयुष्यभर आठवत होती असं ती सांगायची. खवट नव्हतं, ताजंच होतं. तरी तिनं ते देवळामागं जाऊन थुंकलं.

पण खरी शिसारी पुढंच होती. राखणीला बसलेल्या गड्याला दुपारची भाकरी द्यायची, आणि ती घरांनी पाळीनं द्यायची, अशी रीत होती. आता यंत्र गडी ठरलं म्हटल्यावर त्याची भाकरी कशी चुकणार? कुशाबानं सांगितलं की रीत म्हणजे रीत. यंत्र थांबत नाही म्हटल्यावर बाकीच्या घरांनीही आपापल्या पाळीचे दिवस त्याच्याच गळ्यात घातले होते, तुकडे मात्र आपापल्या नावावर ठेवून. मग रोज एका घरची बाई फडक्यात भाकरी, ठेचा, कांदा बांधून वर जायची, लाकडी माणसापुढं ठेवायची, आणि मागून महिपती येऊन ती खायचा. काही बायका तर ठेवताना पदर डोक्यावर घ्यायच्या. बयाचीही पाळी आली. आपल्या पाळीवर बसलेल्या डब्याला आपल्याच हातची भाकरी! तिनं पीठ मळलं तेव्हा हाताला घाण लागल्यासारखं वाटत होतं. तरी भाकरी केली, नेली, आणि त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, जेव. त्यानं हात वर केले, डबा वाजवला आणि खोकला. पुन्हा म्हणाली, जेव बाबा, भुकेला असशील. तो ओरडला. मग ती तिथंच मांडी घालून बसली आणि त्याच्या नाकासमोर सगळी भाकरी स्वतः खाल्ली, कांद्याची सालसुद्धा ठेवली नाही.

महिपतीनं तक्रार केली की काकीनं गड्याचं अन्न खाल्लं. तिला बोलावून समज देण्यात आली. बोलावून, सहाणेच्या पायरीशी उभी करून, समज. देणारे सगळे जेवून आलेले होते.

त्या आठवड्यात ती अंडी विकायला पोलादपूरच्या बाजाराला गेली. इनायत तिथं बाजारच्या दिवशी यायचा, भंगार घ्यायचा, अंडी-हिरडाही घ्यायचा. आपल्या डब्यांचं काय झालं हे त्याच्या कानावर होतंच. बयानं सगळं सांगितलं आणि विचारलं की तू चार गावं हिंडतोस, मी वेडी झाल्ये का ते सांग. इनायत हसला नाही. त्यानं पुढ्यातल्या तराजूच्या पारड्यावर टिचकी मारली.

“बयाबाई, हा काटा माझ्यापेक्षा खरं बोलतो, सगळा बाजार मानतो,” तो म्हणाला. “म्हणून मी त्याला ताटावर बसवत नाय. आन् माझ्या घरच्या माणसाला उठवून तर नायच नाय.”

तेवढं ऐकून तिला बरं वाटलं. मात्र इनायतचा सहाणेशी काही संबंध नव्हता.

वानरांनी यंत्राला नऊ दिवस दिले. पहिले चार दिवस ती झाडांवरून खाली उतरली नाहीत. पाचव्या दिवशी एक मादी बांधापर्यंत आली आणि परत गेली. दहाव्या दिवशी बया गवत कापायला वर गेली तर टोळीचा म्होरक्या, दांडगा काळतोंड्या नर, त्या लाकडी माणसाच्या हातावर बसला होता. हात वर गेला की तो वर जायचा, खाली आला की खाली, आणि भाताची लोंबी चावत होता. यंत्र मनापासून ओरडत होतं. खाचरात तीस-चाळीस वानरं पसरली होती, एकानंही मान वळवली नाही. बाराजणांनी डोळे मिटून जे ओळखलं नव्हतं ते वानरांनी उघड्या डोळ्यांनी नऊ दिवसांत ओळखलं होतं. बयानं गोफण नसताना नुसते धोंडे मारून स्वतःच्या खाचरातून त्यांना हुसकलं आणि धावत खाली आली. कुशाबा ओसरीवर सुपारी कातरत होता. त्यानं कान टवकारून डोंगराकडं बोट केलं. आवाज तर येतोय की गो, म्हणाला. हाक येते आहे म्हणजे राखण चालू आहे, बाईमाणसाच्या मनातली खाज जात नाही एवढंच, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. कोणी उठलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी लोक गवत कापायला विळे घेऊन वर गेले तेव्हा पाच घरांच्या खाचरात नुसता पेंढा उभा होता.

आता गावकी परत बसली. राखणीत पीक गेलं तर त्या दिवशीच्या गड्याला सहाणेपुढं उभं करून जाब विचारायचा आणि त्याचा तुकडा काढून घ्यायचा, ही रीत. महिपतीनं हात वर केले. माझ्या पाळीत गेलं असतं तर मी जबाबदार, म्हणाला. ती पाळी गड्याची होती, आणि तो गडी आहे हे तुम्ही नारळ फोडून ठरवलंय. विचारा त्यालाच. मग शहाणी माणसं विचारात पडली. त्याला इथं आणायचं तर तो पाटाला जोडलेला, आणि पाट सोडून आला तर बोलणार नाही. डबा आहे म्हणावं तर देवीपुढचा नारळ खोटा पडतो. गडी आहे म्हणावं तर उभा कोणाला करायचं? एक जण तर म्हणाला की त्याची चूक नाही, तो बिचारा शेवटपर्यंत ओरडतच होता. बया पायरीशी उभी राहून हे ऐकत होती. पाच घरची पोरं उपाशी राहणार होती, आणि ही माणसं लाकडाची बाजू समजून घेत होती. तिला त्या आंघोळ केलेल्या, गंध लावलेल्या माणसांची किळस आली.

शेवटी असं ठरलं की झालं ते झालं, उरलेलं पीक तरी राखायला हवं. यंत्राला सरावलेली वानरं आता कोणत्याच गड्याच्या हाकेला बधत नव्हती, फक्त बयाला भितात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुशाबा स्वतः खाली उतरून तिच्याजवळ आला. आवाज खाली आणून, घरच्या माणसाशी बोलावं तसा बोलला.

“बया, एक वाट हाय. यंत्राचं धोतर नि मुंडासं तू गुंडाळ, बंडी घाल, आन् त्याच्या जागेवर उभी ऱ्हा. हाक जरा जाड्या आवाजात मार. मंग सहाणेवरून मी तुला गडी म्हणून मोजीन. कोणाला काय बोलायला जागा ऱ्हाणार नाय.”

त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं. आपण तिच्यासाठी केवढी फट काढून दिली याचाच त्याला आनंद होता, डोळे पाणावले होते. बयानं हो म्हटलं तर तुकडा होता, आठ महिन्यांची भाकरी होती, सहाणेवर जागासुद्धा होती. आणि तिला ती बंडी दिसत होती, जिच्यातून भाता खोकायचा.

“मी माणूसच हाय, भावोजी,” ती म्हणाली. “माणसाचं सोंग मी कशाला घेऊ?”

ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन तिनं आपलं एकटीचं खाचर, दाणा अजून हिरवट होता तरी, दिवस मावळायच्या आत कापून आणलं. उरलेल्या आठ घरांचं पीक वानरांनी निवांतपणे खाल्लं. त्या हिवाळ्यात कोंडातली माणसं तिच्याशी फटकून वागली, कारण तिनं गावाचं नुकसान केलं होतं. तिनं एवढंच केलं की कोणाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिला त्या भांड्यांचीच किळस यायची.

शिमगा झाला. वाटणीला गावकी बसली आणि नावं पुकारायला सुरुवात झाली. महिपती, एक. महिपतीचा गडी, एक. त्या गड्याला मिळाला तो बयाचाच तुकडा. कुशाबानं तिच्या घराच्या नावाशी थांबून उसासा टाकला आणि पुढचं नाव घेतलं. तेवढ्यात कोणीतरी वर बघितलं. माळावर त्याच तुकड्यातून धूर निघत होता.

बयानं पहाटेच जाऊन टहाळ्या, शेण, पालापाचोळा सगळं पसरलं होतं आणि पेरणीआधीची भाजवळ पेटवली होती. बारा जण आणि महिपती धापा टाकत वर पोचले तेव्हा ती दाताळ्यानं निखारे सारखे करत होती. तोंड काजळीनं काळं झालं होतं. महिपती पुढं झाला आणि म्हणाला, काकी, हा तुकडा आता माझा आहे.

“तुझा तुला खालच्या अंगाला मिळालाय. हा त्याचा हाय ना?” ती म्हणाली. “मंग त्याला पाठव. तो पायानं वर आला, आन् मला म्हणाला की बया ऊठ, ही माझी जमीन हाय, की मी उठते. त्याच्याशी मी भांडणार नाय.”

महिपती म्हणाला की त्याच्या वतीनं मी बोलतो. बयानं दाताळं जमिनीत रोवलं.

“तू कोण त्याच्या वतीनं? तो लेकरू हाय का मुका हाय? एवढा सहाणेनं मोजलेला गडी. त्याचं त्याला बोलू दे.”

महिपतीनं कुशाबाकडं बघितलं. कुशाबानं जमिनीकडं बघितलं. धूर त्यांच्या बाजूला वळला आणि एकेक जण डोळे चोळत खाली उतरला. बया त्यांच्याकडं बघत नव्हती, तिला आग पसरू द्यायची नव्हती.

त्या तुकड्यावर तिनं त्या वर्षी नाचणी काढली, आणि पुढं दर शिमग्याला वाटणीच्या आधीच ती एखादा तुकडा भाजून मोकळी व्हायची, आणि गावकी तोच तुकडा गड्याच्या नावावर टाकायची. कोणी विचारायला आलं की म्हणायची, मालकाला पाठव. मालक कधी आला नाही. ती एकोणसत्तर साली गेली तोवर गावकीच्या मोजणीत तिचं घर एकदाही आलं नाही. महिपतीच्या गड्याचं नाव मात्र कुशाबा दर वर्षी पुकारत राहिला. यंत्र त्याआधी कितीतरी वर्षं गंजून पाटात पडलं होतं.